काचवाल्या काकांचं पहिलं वर्ष

संध्याकाळच्या कॉलेजात काचवाल्या काकांनी पहिला निबंध लिहिला, त्याच्या सुरुवातीला ‘मा. महोदया’ होतं आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. मधल्या भागात ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवण्यात येते की’ असं म्हणून त्यांनी वाचनाचे फायदे सांगितले होते. शाळा सुटल्यापासून त्यांनी काही लिहिलं असेल तर ते अर्जच. नळाच्या जोडणीचा, मीटर बदलून मिळण्याचा, मुलाला शाळेत घेण्याचा. कोणी कागद पुढे केला की हात आपोआप अर्जाच्या वळणावर जायचा.

शेजारच्या बाकावरच्या मुलीने डोकावून वाचलं आणि तिला हसू आवरेना. ही मुलगी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असायची, म्हणून वर्गात तिला सगळे औषधवाली म्हणत. पन्नाशी उलटलेले काका काचेच्या दुकानात कामाला होते. लोकांच्या खिडक्यांना तावदानं बसवायची, आरसे कापायचे, फोटोंना फ्रेमा करायच्या. बोटांवर बारीक पांढरे वण होते आणि कपड्यांना रॉकेलचा वास यायचा, कारण काच कापायचा हिरा रॉकेलमध्ये बुडवून चालवावा लागतो. त्यामुळे त्यांचं नावही पहिल्याच आठवड्यात पडलं.

निबंध शिकवणाऱ्या बाई मात्र तो अर्ज वाचून हसल्या नाहीत. “काका,” त्या म्हणाल्या, “अर्जात एक गोष्ट चांगली असते. आपल्याला काय हवंय ते लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तेवढं निबंधात राहू द्या. बाकीचं हळूहळू काढून टाकू.”

काकांनी मान हलवली. आपल्याला काय हवंय ते त्यांना खरोखरच पक्कं ठाऊक होतं. ते या बाईंना बघायला आले होते.

काकांना एकुलता एक मुलगा होता. शाळेच्या पटावर त्याचं नाव वेगळं होतं, पण लहानपणी दिवसभर चिवचिवायचा म्हणून घरात तो चिमण झाला आणि मिसरूड फुटल्यावरही चिमणच राहिला. तो याच कॉलेजात सकाळच्या वर्गाला होता. निबंध लिहून झाला की तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवायचा. काका नुकते दुकानातून येऊन हातपाय धूत असायचे.

“कसा झालाय, बाबा?”

“छान.”

“छान म्हणजे कसा?”

“छान म्हणजे छान. एक नंबर!”

एकदा त्यात ‘अनन्यसाधारण’ असा शब्द आला. काकांनी दुसऱ्या दिवशी दुकानात तो चार जणांना ऐकवला. असला शब्द आमच्या सात पिढ्यांत कोणी तोंडातून काढला नसेल, असं म्हणताना त्यांची छाती फुगली होती. पण निबंध तपासून यायचे ते मात्र हिरव्या शाईने भरून. जागोजागी ‘म्हणजे नेमकं काय?’ असं लिहिलेलं आणि मार्क बेताचे. चिमण खट्टू व्हायचा. काका म्हणायचे, “त्या बाईंना कळत नसेल रे. काही माणसांचा हातच आखडता असतो.” चिमणची आईही तेच म्हणायची. मुलगा हुशार आणि बाई कंजूष, हे त्या घरात ठरूनच गेलं होतं.

वर्ष संपत आलं, परीक्षा तोंडावर आली, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन आठवड्याच्या आत चिमण गेला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल काका कधी कोणाशी बोलले नाहीत. चिमणची आई पाळणाघरात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना खाऊ घालायची, झोपवायची, त्यांची नाकं पुसायची, आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. काका समोरच्या खुर्चीत बसायचे. घरात पातेलं ठेवल्याचा आवाज झाला तरी दोघं दचकायची.

मग कॉलेजातून निरोप आला, की मुलाचे मूळ दाखले घेऊन जा. काका गेले. खिडकीपुढे ही रांग. आतल्या कारकुनाला काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने मान वर न करता विचारलं, “काय काम?”

“पहिल्या वर्षाचं... नाव...”

“काढायचंय? कारण काय?”

काकांना ते कारण तोंडातून काढता येईना. ते खिडकीची चौकट धरून नुसते उभे राहिले. मागची माणसं कुरकुरायला लागली, तसा कारकून वैतागला.

“अहो काका, नाव काढायचंय की घालायचंय, तेवढं तरी सांगा!”

“घालायचंय,” काकांच्या तोंडून गेलं.

“कुणाचं?”

“माझं.”

कारकुनाने तेव्हा कुठे वर बघितलं. मग म्हणाला, “संध्याकाळचा वर्ग आहे. बारावी झालेली असली की पुरे, वयाची अट नाही,” आणि त्याने कागद पुढे सरकवला.

घरी बायको म्हणाली, “डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

“संध्याकाळी घरात बसवत नाही गं,” काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण माझ्या मुलाची हुशारी जिला दिसली नाही ती बाई कोण, हे एकदा बघून यायचंय, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

बाईंचा राग यावा असं काही सापडेना, ही पहिली अडचण झाली. किडकिडीत बांधा, दिवसभर शिकवून बसलेला घसा, खांद्यावरच्या पिशवीत निबंधांचे गठ्ठे. सकाळचे वर्ग घेऊन त्या पुन्हा संध्याकाळी यायच्या. काकांनी आपण कोण ते सांगितलं नाही. आडनाव गावभर असतं तसलंच होतं, त्यामुळे त्यांनाही काही वाटलं नाही.

काकांचा दुसरा निबंध वाहतुकीवरचा. तो परत आला तेव्हा ‘वाहतूक ही आज फार मोठी समस्या बनली आहे’ या वाक्याशेजारी हिरव्या शाईत तेच शब्द होते. म्हणजे नेमकं काय? काका ते अक्षर बघत राहिले. तास संपल्यावर ते तडक टेबलाशी गेले.

“बाई, समस्या म्हणजे समस्या. त्यात नेमकं काय सांगायचं माणसाने?”

“तुम्ही गिऱ्हाइकाकडे काच कशी पोचवता?”

“हातगाडीवरून. घोंगडीत गुंडाळून.”

“मग रस्त्यात काय होतं?”

“काय व्हायचंय? काच दिसली की गाड्या लांबून जातात. घोंगडी नीट झाकलेली असली की अंगावर येतात. म्हणून मी एक कोपरा उघडा ठेवतो.”

बाई हसल्या. “हे कुठे लिहिलंय तुम्ही?”

“हे काय निबंधात लिहायचं असतं?”

“पहिला परिच्छेद खोडा. दुसराही खोडा. आता मला जे सांगितलंत तिथून सुरू करा.”

काकांनी दोन परिच्छेद खोडले तेव्हा त्यांना घरातलं माणूस बाहेर काढल्यासारखं वाटलं. एवढी घासून-पुसून लिहिलेली वाक्यं! पण खोडल्यावर त्यांनी पुन्हा वाचून बघितलं, तर कुठे काही अडत नव्हतं.

शिकणं असं एकदम झालं नाही. पुढचे दोन निबंध पुन्हा ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ याच दारातून आत शिरले. तरी हळूहळू काही गोष्टी काकांच्या ध्यानात यायला लागल्या. आपल्याला जे वाक्य सगळ्यात आवडतं, बाईंची शाई नेमकी त्याच्यावर फिरते. आधी आपण लिहितो ते लिहायला हवं म्हणून लिहितो, आणि जे म्हणायचं असतं ते बिचारं शेवटच्या ओळीत अंग चोरून उभं असतं. काच वाकडी कापली की ती फेकावीच लागते, पण वाक्य वाकडं गेलं तर पुन्हा लिहिता येतं, याची त्यांना मोठी गंमत वाटायची. त्यांनी हे औषधवालीला सांगितलं, तर ती म्हणाली, “तुमचं बरंय, काका. मी खोडायला बसले की शेवटी नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा उरतो.”

काका हसले. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हसलो. रस्ताभर त्यांना त्याचं वाईट वाटत राहिलं.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी दुपारी चिमणची आई खाली शेजारणीकडे गेली होती. काकांनी कपाट उघडलं. चिमणच्या स्वेटरांखाली त्याच्या निबंधांची फाइल होती. ती त्याच्या आईने ठेवली होती आणि तिला कोणी हात लावत नसे. काकांचा विचार पक्का होता. आता आपल्यालाही थोडंफार कळायला लागलंय. बाईंनी पोरावर कुठे अन्याय केला, ते आता बरोबर बघता येईल.

विषय तेच होते. बाई दरवर्षी तेच विषय द्यायच्या. पहिला निबंध वाचनावरचा. ‘आजच्या धकाधकीच्या युगात वाचनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ काका थांबले. दाराच्या चौकटीला टेकून चिमणने हे वाक्य वाचलं होतं, तो आवाज त्यांच्या कानात होता. पण डोळे आता वेगळंच बघत होते. अनन्यसाधारण म्हणजे काय? कुणाला महत्त्व आहे? याने स्वतः कुठलं पुस्तक वाचलं होतं? तेही कुठे आलेलं नव्हतं. काकांच्या नकळत त्यांच्या हातात पेन्सिल आली आणि वाक्याखाली रेघ उमटली.

त्यांनी सगळे निबंध वाचले. घाईने लिहिलेले, पानं भरण्यासाठी ताणलेले, एकच गोष्ट तीन तऱ्हेने सांगणारे. वर्गातली इतर मुलं लिहितात तसेच. काका स्वतः सुरुवातीला लिहायचे तसेच. बाईंचे शेरे बरोबर होते. थोडे सौम्यच होते. मार्कही त्यांनी हात सैल सोडून दिले होते.

फक्त एका ठिकाणी त्यांची पेन्सिल थांबली. ‘माझे घर’ या निबंधात तिसऱ्या पानावर चिमणने लिहिलं होतं: ‘आमच्या मागच्या खिडकीला एक काच नाही. तिथे पुठ्ठा लावला आहे. बाबा दिवसभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवतात.’ आणि त्याच्या पुढच्याच ओळीत: ‘असो. घर हे माणसाच्या मनाचे मंदिर असते.’ त्या पुठ्ठ्याच्या वाक्याशेजारी हिरव्या शाईत बाईंनी लिहिलं होतं, ‘इथून सुरू करा.’

काकांनी मान वर करून बघितलं. पुठ्ठा अजून तिथेच होता.

चिमण गेला तेव्हा फार हुशार मुलगा गेला, असं काका मनाशी धरून होते. त्या धरण्यात एक आधार होता. आता हातात उरला तो एक साधा मुलगा. चारचौघांसारखा, नुकता कुठे काहीतरी म्हणायला लागलेला आणि ‘असो’ म्हणून माघारी फिरलेला. त्याला पुढच्या खेपेला जमलं असतं. काही महिन्यांत आपल्याला जमलं, तर त्याला का नसतं जमलं? काका खुर्चीत बसून रडले. हुशार मुलासाठी ते इतकं रडले नव्हते.

दार वाजलं ते त्यांना ऐकूच आलं नाही. चिमणची आई समोर उभी होती. तिने फाइल बघितली, पेन्सिल बघितली.

“हे काय केलंत?”

“अगं, मी जरा बघत होतो...”

“त्याच्या कागदांवर रेघा मारल्यात?”

“जिथे चुकत होतं तिथेच फक्त...” शब्द बाहेर पडला आणि काकांनी जीभ चावली.

“चुकत होतं?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आता कोणाला सुधारायला निघालात? तो परत लिहायला बसणार आहे का?”

तिने खोडरबर शोधलं आणि जमिनीवर बसून ती रेघा पुसायला लागली. एका ठिकाणी कागद चुरगळला, हिरवी शाई फिसकटली. काकांनी तिचा हात धरायला पाहिलं, तो तिने झटकला.

“त्याला तपासायला बाई होत्या,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला छान म्हणायचं. तेवढंच तुमचं काम होतं. तेवढंसुद्धा आता तुम्हाला होत नाही का?”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर ते कॉलेजला गेले नाहीत. दुकानातून निघायचे आणि अंधार पडेपर्यंत कुठेतरी बाकावर बसायचे. एक दिवस औषधवाली दुकानात आली. तिला म्हणे हातभर आरसा कापून हवा होता. काकांनी माप विचारलं, तर तिला सांगता येईना.

“आरसा राहू द्या, काका,” ती शेवटी म्हणाली. “बाई रोज विचारतात तुमचं. मला बाजूची तुमची जागा रिकामी बघवत नाही. येऊन नुसते बसा.”

काका गेले. पण वर्गात न जाता ते शिक्षकांच्या खोलीत गेले. बाई चहा घेत होत्या.

“बाई, मी वर्षभर तुमच्यापासून एक गोष्ट लपवली,” काका म्हणाले, आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा, सकाळचा वर्ग, ताप, हिरवी शाई. बाईंचा कप हातातच राहिला. मुलगा गेल्याची सूचना फळ्यावर लागली होती, त्या दिवशी तास झाले नव्हते, एवढं त्यांना आठवत होतं.

“तुम्हाला आठवतो का तो?” काकांनी विचारलं. वर्षभर हाच प्रश्न त्यांच्या पोटात होता.

बाईंनी डोळे मिटले. सकाळच्या वर्गात खच्चून भरलेले बाक असत, तोंडं दरवर्षी बदलत. हो म्हणणं सोपं होतं.

“नाही, काका,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी खूप प्रयत्न करतेय. नाही आठवत मला. कसा होता तो?”

“छान होता,” काका म्हणाले, आणि तिथेच अडकले. पुढे काय सांगावं ते त्यांना सुचेना. उंच होता म्हणावं, तर तेवढा उंच नव्हता. मनमिळाऊ, आज्ञाधारक, हे सगळे फळ्यावरच्या सूचनेतले शब्द. सकाळी काका उठायचे तेव्हा मुलगा कॉलेजला गेलेला, रात्री दोघं समोरासमोर जेवायचे तेव्हा दमलेले. ते दारात उभे राहिले आणि शेवटी “येतो, बाई” म्हणून निघाले.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, “बाईंना चिमण आठवत नाही.”

ती चिडून म्हणाली, “आठवत नाही म्हणजे? तुम्ही सांगितलंत ना नीट, कसा होता ते?”

“सांगायला गेलो. सांगता आलं नाही.”

“विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायचा, हे सांगायचं होतं. मग विनोद राहूनच जायचा.”

“हो गं,” काका म्हणाले. “ते टोपीवाल्याचं तर त्याने कधी पुरं सांगितलंच नाही.”

“कोणाकडे गेला आणि नळ गळताना दिसला की उठून बंद करायचा. परक्याच्या घरातसुद्धा. मला लाज वाटायची.”

“एका पायात मोजा घालून झोपायचा.”

“निळा.”

“निळा नव्हता, राखाडी होता.”

“अहो, निळा होता! धुवायचे मी की तुम्ही?”

तिच्या आवाजात जुनी धार आली होती. ती दोघं त्या दिवशी जेवायचं विसरली. चिमण गेल्यापासून त्याचं नाव काढून ती पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. बोलता बोलता चिमणची आई मधेच रडायची, डोळे पुसायची आणि पुन्हा सांगायची. अर्ध्याहून जास्त गोष्टी काकांना नवीन होत्या. आपला मुलगा आपल्याला किती कमी ठाऊक होता, हे त्यांना तिच्या तोंडून कळत होतं, आणि ते ऐकणं सोपं नव्हतं.

“हे लिहू का मी?” शेवटी त्यांनी विचारलं. वर्षाचा शेवटचा निबंध व्हायचा होता आणि त्याला विषयाचं बंधन नव्हतं.

ती विचारात पडली. “नको,” ती म्हणाली. “लिहिलंत तर त्यातलंही काहीतरी खोडाल तुम्ही.”

काकांनी ते लिहिलं नाही. शेवटचा निबंध त्यांनी दुकानात येणाऱ्या जुन्या फोटोंवर लिहिला. फ्रेम करायला दिलेले आणि मग कोणी न्यायलाच न आलेले फोटो मालक एका फळीवर ठेवतो, त्यांच्याबद्दल. बाईंनी त्यात तीन ठिकाणी हिरवी शाई चालवली आणि खाली लिहिलं, ‘चांगला आहे.’ काकांनी स्वतःशी मान्य केलं, की त्या तिन्ही जागा खरंच कच्च्या होत्या.

ते पास झाले. फार वरच्या नाही, पण धड मार्कांनी. औषधवालीही सुटली. निकालाच्या दिवशी तिने वर्गभर गोळ्या वाटल्या, खोकल्याच्या, कारण दुकानात तेवढ्याच गोड होत्या.

सुट्टी संपून दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. शिक्षक नवे होते, त्यांची शाई साधी निळी. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, ‘अंतर’. काका घरी आले तेव्हा चिमणची आई भाजी निवडत बसली होती.

“काय विषय दिला?” तिने विचारलं. वर्षभरात तिने हे कधी विचारलं नव्हतं.

काकांनी सांगितलं.

“त्याने लिहिला होता यावर?”

“नाही गं. हा दुसऱ्या वर्षाचा आहे.”

तिचे हात थांबले. पहिलं वर्षभर काका मुलाच्या मागून चालत होते. कुठे पाय ठेवायचा ते त्याने आधी ठेवून दाखवलेलं होतं. तो तिथेच राहिला होता, आणि बाप आता त्याच्या पुढे निघाला होता. हे तिला कळलं आणि तिला कळलंय हे काकांनाही दिसलं.

“बसा मग,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “झालं की मला वाचून दाखवा.”

तिने भाजी उचलून काकांना टेबलावर जागा करून दिली. काकांनी कागद पुढे ओढला.